यूपीएस ओरडतो, तेव्हा काय सांगतो?

रायपूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. चौबे कॉलनीत राहतात. घरात सासरे आजारी. फुप्फुसांचा जुना विकार, त्यामुळे रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. चार वर्षांपूर्वी मुलाने कॉम्प्युटरसाठी यूपीएस आणला होता. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेला, यूपीएस घरीच राहिला आणि आजोबांच्या मशीनला जोडला गेला. आता पंधरा दिवस झाले, त्यावर लाल दिवा लागतो आणि दिवसातून दोन-चार वेळा तो किंचाळतो. मुलाने फोनवर तोडगा सांगितला, पुढचं बटण दाबून धर, गप्प बसेल. बटण दाबल्यावर यूपीएस गप्प बसतो खरा, पण या ताईंच्या मनातली शंका काही गप्प बसत नाही. त्या विचारतात, हे असंच चालू द्यावं का?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं नंतर. असं चालू देऊ नका. तो लाल दिवा आणि ती किंचाळी म्हणजे यूपीएसची बॅटरी दम सोडत आल्याचं लक्षण आहे. बटण दाबून तुम्ही फक्त निरोप्याचं तोंड बंद केलंत. निरोप तसाच पडून राहिला. शिवाय बॅटरी अगदी नवी असती, तरी कॉम्प्युटरसाठी घेतलेला तो लहान यूपीएस कॉन्सन्ट्रेटरच्या उपयोगाचा नाही. तो का, हे पुढे हिशेबासकट सांगतो. पण या पत्राच्या निमित्ताने हा विषय सगळ्यांसाठीच नीट उलगडायला हवा. कारण आज घरोघरी एक तरी यूपीएस किंवा इन्व्हर्टर कोपऱ्यात बसलेला असतो आणि तो ओरडेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही!

विजेच्या माहेरी यूपीएस कशाला?

रायपूरबाहेरच्या वाचकांना प्रश्न पडेल. छत्तीसगड म्हणजे विजेचं माहेर. कोरब्याला एनटीपीसीचं २६०० मेगावॉटचं केंद्र आहे, बिलासपूरजवळ सीपतला जवळपास ३००० मेगावॉटचं. रायगडहून तर थेट तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ८०० किलोव्होल्टची वाहिनी गेली आहे, तिची क्षमता ६००० मेगावॉट. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या ग्रिड कोसळल्या आणि कोट्यवधी लोक अंधारात बसले, तेव्हाही छत्तीसगड पश्चिम ग्रिडमध्ये असल्यामुळे तिथले दिवे चालू होते. मग तिथे यूपीएसची गरज काय?

गरज आहे ती शेवटच्या तारेमुळे. केंद्रात वीज कितीही तयार होवो, ती तुमच्या घरी येते गल्लीतल्या डीपीवरून आणि खांबावरच्या तारेवरून. मे-जूनमध्ये वावटळ सुटते, फांदी तारेवर पडते, फ्यूज उडतो. नौतपाच्या दिवसांत संध्याकाळी घरोघरचे कूलर आणि एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. २३० व्होल्ट यायला हवेत तिथे १७०-१८० येऊ लागतात. दिवा लागलेला दिसतो म्हणून आपण म्हणतो, लाइट आहे. यूपीएसला मात्र ती वीज वीजच वाटत नाही. व्होल्टेज त्याच्या मर्यादेखाली, म्हणजे बहुतेक यूपीएसमध्ये १५०-१६० व्होल्टच्या आसपास गेलं, की तो बॅटरीवर उडी मारतो. थोडं सुधारलं की परत येतो. अशा उड्या दिवसात वीस-पंचवीस वेळा झाल्या, तर लाइट एकदाही न जाता बॅटरी थकून जाते. घरच्या माणसांना याचा पत्ताही नसतो.

डब्याच्या पोटात काय आहे?

कॉम्प्युटरच्या लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक सीलबंद बॅटरी असते. वजनाला दोन-सव्वादोन किलो. आतलं तत्त्व फार जुनं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. आपल्या स्कूटरमध्ये, मोटारीत, इन्व्हर्टरमध्ये आजही बव्हंशी तीच जात वापरतात. फरक इतकाच, की यूपीएसच्या बॅटरीत आम्ल मोकळं हिंदकळत नसतं, काचेच्या तंतूंच्या गादीत किंवा जेलमध्ये शोषून ठेवलेलं असतं. म्हणून तिच्यात पाणी घालावं लागत नाही आणि घालताही येत नाही.

बॅटरी वीज देते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज होते तेव्हा तो विरघळतो. बॅटरी बराच काळ रिकामी किंवा अर्धवट भरलेली राहिली, तर त्या थराचे टणक खडे होतात. मग ते कितीही चार्ज केलं तरी विरघळत नाहीत. पाण्याच्या हंड्यात तळाशी क्षार साचत जावेत तसं. हंडा बाहेरून तेवढाच मोठा दिसतो, आत पाणी मात्र कमी मावतं. म्हणूनच ‘चार्ज तर पूर्ण दाखवतंय, मग पाच मिनिटांत बंद का पडतं?’ ही तक्रार एवढी सर्रास ऐकू येते. भांडं भरलेलंच असतं, पण भांडंच लहान झालेलं असतं!

ओरडण्याचे चार प्रकार

प्रत्येक कंपनीची भाषा थोडी वेगळी असते, म्हणून सोबत आलेली पुस्तिका जपून ठेवा. पण ढोबळमानाने यूपीएस चार गोष्टी सांगतो.

पहिली, थोड्या थोड्या वेळाने एखाद-दुसरी शिट्टी. अर्थ : मेन लाइट गेली आहे, मी बॅटरीवर आहे. यात बिघाड काही नाही.

दुसरी, तीच शिट्टी भराभर वाजू लागते. अर्थ : बॅटरी संपत आली, काम आवरा. कॉम्प्युटर असेल तर फाइल सेव्ह करून बंद करण्याची ही वेळ.

तिसरी, अखंड किंचाळी. अर्थ बहुधा असा, की माझ्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला आहे. कुणीतरी त्याच बोर्डाला इस्त्री नाहीतर मिक्सर लावलेला असतो.

चौथी, लाइट व्यवस्थित असतानाही लाल दिवा आणि अधूनमधून ओरडा. अर्थ : बॅटरी बदला, किंवा मला बॅटरी सापडतच नाही. काही यूपीएस ठरावीक दिवसांनी, बऱ्याचदा दर पंधरवड्याला, स्वतःच बॅटरीची परीक्षा घेतात. काही सेकंद भार बॅटरीवर टाकून पाहतात. बॅटरी त्यात नापास झाली की हा दिवा लागतो.

आवाज ऐकल्यावर आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : या क्षणी घरात लाइट आहे की नाही? लाइट नसेल तर पहिला किंवा दुसरा प्रकार. असेल तर तिसरा किंवा चौथा. निम्मं निदान इथेच होतं.

घरच्या घरी तपासणी

आता क्रमाने जाऊ. ही सगळी तपासणी रुग्णाचं मशीन जोडलेलं असताना करायची नाही. आधी ते थेट भिंतीतल्या प्लगला लावा, मग यूपीएसकडे वळा.

एक. यूपीएसपर्यंत वीज पोचते का ते पाहा. हसू नका, पुष्कळ ‘बिघडलेले’ यूपीएस इथेच दुरुस्त होतात. प्लग सैल असतो, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण झाडताना बंद झालेलं असतं, सॉकेटमध्ये काजळी धरलेली असते. काही यूपीएसच्या मागे बाहेर उडी मारणारा लहान ब्रेकर असतो. तो बाहेर आला असेल तर भार कमी करून आत दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर मात्र वायरमनला बोलवा.

दोन. यूपीएसला जोडलेलं सगळं काढा आणि मग तो चालू करा. आवाज थांबला तर दोष भाराचा. एकेक वस्तू परत लावत जा, चोर सापडेल. लेझर प्रिंटर हा यातला नेहमीचा चोर. गरम होताना तो क्षणभर इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस कोलमडतो.

तीन. रिकामा यूपीएस मेन लाइटवर सलग आठ-दहा तास चार्ज होऊ द्या. रात्री सगळी बटणं बंद करून झोपायची आपल्याकडे चांगली सवय आहे, पण यूपीएसच्या बाबतीत ती महागात पडते. दिवसभर रिकामी झालेली बॅटरी रात्री भरायची असते, नेमका तेव्हाच आपण प्लग बंद करतो. सकाळी लाल दिवा गेलेला दिसला, तर बॅटरी मेलेली नव्हती, उपाशी होती.

चार. आता घड्याळ लावून परीक्षा. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब यूपीएसला लावा आणि मेन बटण बंद करा. ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी एवढा भार वीसएक मिनिटं ओढते. तुमचा बल्ब पंधरा-सोळा मिनिटं टिकला, तर अजून काही महिने जातील. पाच मिनिटांत अंधार झाला, तर बॅटरीचा निरोप घ्या. नव्या बॅटरीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर ती आली, की बदलण्याची वेळ झाली असं या धंद्यात मानतात. कारण त्यापुढची घसरण फार वेगाने होते. परीक्षा संपल्यावर यूपीएस लगेच चार्जिंगला लावायला विसरू नका.

पाच. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे किंवा ओळखीचा वायरमन आहे, त्यांनी बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्यावं. चार्जिंग चालू असताना ते १३.५ ते १३.८ च्या दरम्यान असावं. बाहेर काढून काही तास ठेवलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.७-१२.८ दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आजारी बॅटरी बसल्या जागी १२.६ दाखवते आणि भार पडताच धाडकन साडेदहाच्या खाली जाते. पलंगावर पडलेला माणूस ठणठणीत दिसतो. जिना चढायला लावल्यावर खरं कळतं.

नवी बॅटरी घातली, तरी दिवा जात नाही!

ही तक्रारही नेहमीची. कारणं चार. पहिलं, बॅटरीच्या पट्टीवर वायरची टोपी नीट बसलेली नसते. दुसरं, ‘नवी’ बॅटरी दुकानात वर्षभर पडून राहिलेली असते. वापरली नाही तरी बॅटरी हळूहळू आपोआप रिकामी होत जाते आणि उन्हाळ्यात तर अधिकच वेगाने. म्हणून खरेदी करताना तिच्यावर छापलेली निर्मितीची तारीख पाहा. तिसरं, काही यूपीएस बॅटरीचा जुना हिशेब स्मरणात ठेवतात. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे त्यांची परीक्षा नव्याने घ्यावी लागते, मग ते नव्या बॅटरीला ओळखतात. आणि चौथं, दोष बॅटरीत नसून चार्जरमध्ये असतो. नवी बॅटरी घालूनही चार्जिंगचं व्होल्टेज १३ च्या खालीच राहिलं, तर यूपीएस मेकॅनिककडे न्यायला हवा. मोठ्या यूपीएसमध्ये दोन किंवा अधिक बॅटऱ्या असतात. त्या नेहमी एकदमच बदलाव्यात. एक म्हातारी आणि एक तरणी अशी जोडी जुंपली, की म्हातारी तरणीलाही लवकर संपवते.

उष्मा हा खरा शत्रू

आता रायपूरकरांनी विशेष लक्ष द्यावं अशी गोष्ट. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव इथल्या वाचकांनीही ऐकावी.

बॅटरीचं आयुष्य कंपनी सांगते ते २५ अंश तापमान धरून. त्यावर दर १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं. २५ अंशांत चार वर्षं टिकणारी बॅटरी कायम ३५ अंशांत राहिली, तर दोन वर्षांत संपते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ ला टेकतो. घराच्या आत ३६-३८ आणि यूपीएसच्या बंद डब्यात त्याहून काही अंश जास्त! शिवाय उन्हात बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज कमी लागतं. साध्या यूपीएसला हे कळत नाही, तो बारा महिने तेवढंच व्होल्टेज देत राहतो. त्यामुळे गरम बॅटरी जास्त चार्ज होते, आतला ओलावा उडून जातो, कधी कधी बॅटरी फुगते. डिसेंबरातली थंडी थोडी भरपाई करते म्हणून हिशेब अगदी निम्म्यावर येत नाही. तरी चौबे कॉलनीतल्या चार वर्षांच्या बॅटरीने आता किंचाळायला सुरुवात केली, यात नवल नाही. ती इतके दिवस टिकली हेच पुष्कळ!

उपाय सोपे आहेत. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला यूपीएस टेकवू नका. फ्रिजच्या मागे, कपाटाच्या आत, टीव्हीच्या बंद खणात ठेवू नका. चारी बाजूंना वीतभर मोकळी हवा असू द्या. त्यावर क्रोशाचं झाकण तर मुळीच घालू नका. कितीही शोभून दिसलं तरी! कूलरच्या थेट झोतासमोरही नको. हवा गार असते, पण ओलसर असते आणि तिने टर्मिनलना गंज चढतो.

आणि धूळ. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या हवेच्या आकडेवारीत दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेर यांच्यापाठोपाठ रायपूरचं नाव होतं. उरला आणि सिलतरा या बाजूच्या कारखान्यांमुळे गच्चीवर बसणारी काळी पूड रायपूरकरांना नवी नाही. तीच पूड यूपीएसच्या जाळीतून आत जाते आणि वारा अडवते. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने जाळी झाडा. ओल्या फडक्याने पुसू नका.

घर बंद करून महिनाभर गावाला जाणार असाल तर आधी यूपीएस पूर्ण चार्ज करा आणि मग बंद करा. रिकाम्या बॅटरीला कुलपात ठेवून गेलात, तर परत आल्यावर ती उठणार नाही.

इन्व्हर्टरची मोठी बॅटरी

इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीची गोष्ट थोडी वेगळी. तिला पाणी लागतं. झाकणांवरचे लाल-हिरवे तरंगते दांडे पातळी दाखवतात. दर महिन्याला पाहा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. फक्त डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं, फिल्टरचं किंवा प्यायचं बाटलीबंद पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. आणि कुणी कितीही सांगितलं तरी घरी आम्ल ओतू नका. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

हायड्रोमीटरने प्रत्येक खण तपासता येतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीत साधारण १२४० ते १२६० चा आकडा येतो. सहापैकी पाच खण १२४० दाखवत असतील आणि एकच ११५० वर अडला असेल, तर तो खण गेला. बॅटरी बदलावी लागणार. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली, तर इन्व्हर्टर बंद करून वायरमनकडून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करून घ्या. खणांची झाकणं तेव्हा घट्ट बंद हवीत. मग कोरडं करून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते. हा वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणून ती हवेशीर जागी हवी, देवघराजवळ किंवा गॅसजवळ नको आणि रुग्णाच्या खोलीत तर नकोच.

ऑक्सिजनच्या मशीनचा हिशेब

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॉट वीज घेतो. त्यात कॉम्प्रेसर असल्यामुळे चालू होताना क्षणभर याहूनही बरीच जास्त. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास. तो कॉन्सन्ट्रेटर चालवताना कडेलोटावर उभा असतो. नवी बॅटरी घातली तरी चार-पाच मिनिटं, फार तर. कॉम्प्युटर आवरायला तेवढी पुरतात, माणसाच्या श्वासाला पुरत नाहीत. शिवाय साध्या यूपीएसमधून येणारी वीज खडबडीत लहरींची असते. कॉम्प्रेसरची मोटर तिच्यावर तापते आणि घरघरते.

मग काय करावं? मशीन बनवणाऱ्या कंपनीला विचारून प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा, मशीनच्या वॉटच्या निदान दुप्पट-अडीचपट क्षमतेचा. त्याला १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी जोडली, तर कागदावर १८०० वॉट-तास होतात. प्रत्यक्षात इन्व्हर्टरमध्ये होणारी घट आणि भराभर वीज ओढल्याने कमी होणारी क्षमता धरता, नवी बॅटरी कॉन्सन्ट्रेटर तीन तासांच्या आसपास चालवते. दोन वर्षांनी दोन तास धरा. त्याच इन्व्हर्टरवर पंखे आणि टीव्हीही लावलेत, तर आणखी कमी. म्हणून रुग्णाच्या मशीनची लाइन वेगळी ठेवलेली बरी.

पण इन्व्हर्टर हा शेवटचा आधार मानू नका. तोही यंत्रच. कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या प्रत्येक घरात भरलेला ऑक्सिजन सिलिंडर रेग्युलेटरसह तयार असायला हवा. किती लिटरवर लावायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद सिलिंडरलाच बांधून ठेवा. घरातल्या निदान दोघांना तो उघडता आला पाहिजे. रात्री अडीच वाजता पुण्याला फोन करून विचारण्याची ही गोष्ट नव्हे. ऑक्सिजन चालू असताना खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही नको. लाइट गेली तर वीज कंपनीचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. रायपूरकरांसाठी ‘मोर बिजली’ हे मोबाइल ॲपही आहे. लाइट लवकर येण्याची चिन्हं नसतील आणि रुग्णाचा श्वास वाढला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

ताईंच्या घरचा जुना यूपीएस वाया जाणार नाही. नवी बॅटरी घालून तो इंटरनेटच्या राउटरला लावा. राउटर जेमतेम दहा वॉट घेतो, तो दोनेक तास सहज चालेल. लाइट गेल्यावरही इंटरनेटवरून डॉक्टरांशी आणि मुलाशी बोलता येईल, हे काय कमी झालं?

बॅटरी बदलताना

लहान यूपीएसची बॅटरी बदलणं अवघड नाही, पण हात सावध हवा. यूपीएस बंद करा, प्लग काढा, त्याला जोडलेलं सगळं सोडवा. एक गोष्ट ध्यानात ठेवा, प्लग काढलेल्या यूपीएसच्या सॉकेटमध्येही बॅटरीच्या जोरावर २३० व्होल्ट असू शकतात. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. आधी काळी वायर सोडवा, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी. उलटसुलट जोडलीत तर क्षणात यूपीएस जळतो. लावताना बारीकशी ठिणगी उडाली तर घाबरू नका. नवी बॅटरी तेवढ्याच व्होल्टची, तेवढ्याच अँपिअर-तासांची आणि त्याच मापाची हवी. बिल घ्या, गॅरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. लिथियमची हलकी बॅटरी हल्ली मिळते, पण शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेल्या यूपीएसमध्ये ती कंपनीने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय घालू नका. दोघींची चार्जिंगची रीत वेगळी असते.

बॅटरी फुगून डब्यात अडकली असेल, गरम लागत असेल किंवा आंबूस-उग्र वास येत असेल, तर स्वतः ओढाताण करू नका. प्लग काढा, यूपीएस मोकळ्या हवेत ठेवा आणि मेकॅनिकला द्या.

जुनी बॅटरी कुठे टाकायची?

बहुतेक घरांत याचं उत्तर एकच, कबाड्याला. दोन पैसे मिळतात ना! पण जरा थांबा. या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि शिसं मुलांच्या मेंदूला विषासारखं आहे. वस्तीतल्या उघड्या जागेवर बॅटरी फोडून, आम्ल गटारात सोडून, शिसं भट्टीत वितळवणारे धंदे देशभर चालतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. या शिशाचं एक मोठं कारण म्हणजे अशा फोडलेल्या बॅटऱ्या. ज्याच्या घरून बॅटरी गेली त्याला कधी कळतही नाही, की तिची धूळ कोणाच्या अंगणात बसली.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर आणि उत्पादकांवर टाकली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती उत्पादकांवर आणखी ठामपणे आली. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. कबाड्यापेक्षा चार पैसे कमी मिळाले, तरी सौदा तोट्याचा नाही.

शेवटी एक साधी सवय. नवी बॅटरी बसवली की कायमस्वरूपी शाईच्या पेनाने यूपीएसच्या वरच्याच बाजूला तारीख लिहा. खाली बल्बच्या परीक्षेत किती मिनिटं टिकली तेही लिहा. दर सहा महिन्यांनी, होळीला आणि दसऱ्याला म्हणा हवं तर, तीच परीक्षा पुन्हा घ्या आणि नवा आकडा जुन्याच्या खाली मांडा. होळीची परीक्षा उन्हाळ्याच्या आधी सावध करील, दसऱ्याची परीक्षा उन्हाळ्याने किती खाल्लं ते सांगेल. यूपीएसने किंचाळायच्या कितीतरी आधी हे आकडेच तुमच्याशी बोलू लागतील.